खातकुड्यातली माती आणि तुझा डबा

माय, आज प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, ही बुरशी आणली कुठून?" मी नेहमीसारखं "आमच्या शेतातून" म्हणून मोकळी झाले, आणि मग दिवसभर तूच डोळ्यांपुढे. मातीतली बुरशी प्लास्टिक खाते का, हे माझ्या पीएच.डी.चं काम. सालेकशाकडच्या आपल्या शेतातल्या बांधीत, धान कापून झाल्यावर, मी पन्नीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांच्या, अठरा पट्ट्या पुरल्या होत्या. तीन महिन्यांनी गोंदियाहून बसने येते तो अठराही पट्ट्या अंगणातल्या दोरीवर वाळताहेत, राखेने घासून लख्ख. त्यांच्यावर वाढलेलं जे काही होतं ते मोरीतून वाहून गेलेलं. तू चुलीवरून भात उतरवतेयस. "धानाच्या मातीत पन्नी काऊन पुरते वो? वेचून, धुवून ठेवली. घेऊन जा." मी ओरडले, "तुले काही समजत नाही त हात कायले लावते?" तू ताट वाढलंस. मी न जेवताच निघाले. पन्नी खाऊन आपली तांबडी गाय मेली, तेव्हापासून दिसेल ती पन्नी तू वेचायचीस. मला ठाऊक होतं. पट्ट्या पुरल्याचं तुला सांगायचं मात्र मला सुचलं नाही.

आठ दिवसांनी तू कॉलेजच्या फाटकाशी उभी. धानाच्या रोवणीला भात न्यायचीस तो स्टीलचा डबा हातात, आणि त्यात शेणखताच्या खड्ड्यातली काळी माती. "तुयी माती धुवून टाकली ना मी. हे घे, खातकुड्यातली. तिथं शेणात पडलेल्या पन्नीले बारीक बारीक भोकं पडतात, मी पायलं ना." बस बदलत एवढ्या लांब आलेल्या तुला मी चहासुद्धा विचारला नाही. डबा टेबलाखाली सरकवला. पुढे कित्येक महिने बाकीच्या मातींतून काहीच हाती लागेना, तेव्हा तो उघडला. त्यातली हिरवट काळी बुरशी पन्नीला धरून बसली. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक खड्डे दिसले, तू म्हणालीस तसेच. ती पन्नी फार हळू कुरतडते, पण कुरतडते. माझी डिग्री तिच्यावर उभी आहे. प्रबंधात मी लिहिलं, 'नमुना गोळा करणारी: स्वतः.'

तू दोनदा डबा मागितलास. "आनजो वो, रोवनीले लागते." मी सांगितलं, हरवला. परत आणला असता तर तुझं बरोबर होतं हेही सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्याने होईना. त्या वर्षी तू भात फडक्यात बांधून नेलास. पुढच्या खेपेला सांगू, त्याच्या पुढच्या खेपेला सांगू, असं करता करता तू गेलीस. मला तुझी फार आठवण येते, आणि लाजही वाटते. डबा माझ्या टेबलावर आहे, पेनं ठेवते त्यात. झाकणावर तुझं नाव कोरलेलं आहे. कुणी विचारू नये म्हणून झाकण मी कपाटात ठेवलंय, आणि हे पत्रही आता त्याच्याच खाली ठेवतेय.