आईचं पाण्याचं व्रत

मकरपुरा, बडोदे

दादा, नमस्कार. आई मजेत आहे असं तू सगळ्यांना सांगत फिरतोस, ते आधी बंद कर. परवा ती चक्कर येऊन जिन्यात पडली. हाड मोडलं नाही, एवढंच बरं.

चातुर्मासात दुपारनंतर पाणी प्यायचं नाही असं व्रत घेतलंय म्हणाली. मी मानलं. शेजारच्या गुजराती बायका तर "धन्य छो बा" म्हणत पाया पडायच्या. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, पाण्यावाचून किडनी बिघडलीय. तेव्हा आई रडत म्हणाली, "व्रत कसलं गं, संडास खाली. रात्री दोन जिने उतरवत नाहीत मला."

मी वासण्याला ज्या बंगल्यात पोळ्या करते, तिथली आजी आईच्याच वयाची. तिचा संडास खाटेला लागून आहे. ती रोज बागेत फिरते.

साताऱ्याच्या घरातली खालची, संडासाला लागून असलेली खोली तू भाडेकरूला दिलीस आणि आईला इकडे पाठवलंस. ती रिकामी कर. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिलाही पुढे तीच खोली लागणार आहे.

आई अजून अर्धाच पेला पिते. दसऱ्याच्या आत उत्तर पाठव.

कौशल्या