बसून साक्ष

प्रिय धाकट्या,

निकाल लागला. चूक सर्वस्वी टेम्पोवाल्याची, मोटारसायकल चालवणाऱ्याची नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलंय. म्हणजे तुझी नाही, बाळा. मी तुझ्या मागे बसले होते आणि माझा पाय मोडला, म्हणून दोन वर्षं तू माझ्यापासून तोंड लपवतोयस.

नुकसानभरपाईही मिळाली, पण ती मी जवळजवळ घालवलीच होती. माझा पाय बघून मला बसून साक्ष द्यायची मुभा होती. "मावशी, खुर्ची सोडायची नाही हं," असं आमच्या वकीलबाईंनी बजावलंही होतं. पण न्यायाधीशांनी नाव विचारलं आणि मी खुर्ची रेटून उभी राहिले, ताठ, हात मागे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरना बसून उत्तर दिलेलं चालायचं नाही ना!

टेम्पोच्या विमा कंपनीचे वकील खुशीत आले. "बघा साहेब, पाय ठणठणीत आहे!"

"बसा आता," न्यायाधीश म्हणाले.

मला बसताच येईना. आत पट्टी आणि स्क्रू घातल्यापासून तो गुडघा वाकत नाही. पाय पुढे ताणून, बाईंच्या खांद्याला धरून मी कशीबशी खाली टेकले. वकीलसाहेब आपले कागद चाळत राहिले.

माझी पत्रं तू उघडत नाहीस, असं तुझी बायको सांगते. म्हणून हे टपालात न टाकता तिच्याच हाती देतेय, ती तुला वाचून दाखवेल. रविवारी मीच येते. बेल वाजली की लगेच दार उघड. रुसून पायरीवर बसणं मला आता जमत नाही.

उद्याही तुझ्याच मागे बसायला तयार असलेली,
तुझी ताई