दुखावणाऱ्याचं नाव

सोमवार, ४ मार्च

डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. शुक्रवारी बाबांच्या घशाचं ऑपरेशन. आणि बाबांनी विचारलं काय, तर — "म्हणजे गुरुवारची संध्याकाळ मिळाली ना?" कमाल आहे या माणसाची!

संध्याकाळ म्हणजे आमचं 'रोजचं'. घरात ना देव, ना पोथी, ना गुरू. धर्म एवढाच, तोही या सुताराने स्वतःच काढलेला. काम थांबलं की सगळ्यांनी त्यांच्या टेबलाभोवती बसायचं. आजचं असो की जुनं, ज्याचं वागणं मनाला सर्वांत जास्त लागलंय त्याचं नाव घ्यायचं. "त्याचं भलं होवो." बाकीच्यांनी म्हणायचं, "होवो!" मग जेवण. एक जण अडून बसला की सगळ्यांची भाजी गार.

मंगळवार, ५ मार्च

लाकडाचा ठेकेदार बाबांना चक्क बुडवून गेला होता. बाबा रोज त्याचंच नाव घ्यायचे — दातओठ खात! मी म्हणाले, "हे ढोंग आहे." तर म्हणाले, "आहेच. चालू ठेवायचं." आणि एका संध्याकाळी "भलं होवो" म्हणून स्वतःच चकित. "अगं, आज खरंच वाटलं!" असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण आठवीतला तो बक्षीस समारंभ! वक्तृत्वात माझा पहिला नंबर. मुख्याध्यापकांनी बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबांनी माईक घेतला आणि मला थोबाडीत मारणाऱ्या बाईंचं भरसभेत नाव घेऊन भलं मागितलं. मनापासून! बाई लाल, सगळी शाळा खो-खो. शाळा सुटेपर्यंत मी 'भलंताई'. पुन्हा कधी स्टेजवर पाय ठेवला नाही.

त्या संध्याकाळी टेबलाशी मी बाईंचंच नाव घेतलं. खरं नाव दुसरंच होतं. ते आजवर घेतलेलं नाही. दरवेळी कोणीतरी सापडतंच — रिक्षावाला, साहेब, सासूबाई.

बुधवार, ६ मार्च

भाऊ आला. बाबांचा आवाज म्हणजे गाठीवर फिरणारा रंधा. तरी चेष्टा चालूच — "आता हिच्याशी भांडण जिंकता यायचं नाही." आई म्हणाली, "कधी जिंकला होतात?"

ते नाव उद्या घेऊ का? आजारी माणसाच्या तोंडावर? आणि उद्या नाही घेतलं तर नंतर "होवो" म्हणायला ते आवाज कुठून आणणार? मला तो 'होवो' त्यांच्याच तोंडून हवाय. दुसऱ्या कोणाचा चालणार नाही.

गुरुवार, ७ मार्च

घेतलं. "बाबा. त्यांचं भलं होवो."

बाबांनी लगेच "होवो!" म्हटलं, सगळ्यांच्या आधी. मग डोळे पुसत म्हणाले, "समारंभातून घरी येतानाच कळलं होतं गं मला. रोज वाटायचं, आज घेशील."