भिंगाचा दोष नव्हता

प्रिय बारकावे,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी चष्मा पुसशील, मग पाकीट उलटसुलट करून कुठे फाटलंय का ते तपासशील. तपास आणि मग बस. उभ्या उभ्या वाचायचं पत्र नाही हे. फोनच करणार होते, पण तुझी लेक म्हणाली की बाबांना फोनवर धड ऐकू येत नाही आणि ते ऐकू न येताच 'हो हो' म्हणत राहतात. मला या वेळी तुझं 'हो हो' चालणार नाही. म्हणून कागद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. तू निवृत्त झालास आणि मीही उंच बांधकामांची कामं सोडली. पंचवीस वर्षं आपण दोघांनी धुराडी, पूल, टाक्या बघितल्या. मी समोरच्या गच्चीवरून लांब लेन्सने फोटो काढायचे आणि तू ते टेबलावर पसरून एकेक तडा, एकेक गंजाचा डाग शोधून अहवालावर सही करायचास. लोकांना तर 'बारकावे' हे तुझं खरंच आडनाव वाटायचं. आता मी दुकानात ओळखपत्रांचे फोटो काढते. हनुवटी वर, खांदे सरळ, हसायचं नाही. दिवसभर भल्या माणसांना हसू नका म्हणून दटावायचं, हाही एक धंदाच म्हणायचा. मधूनमधून शाळांचे ग्रुप फोटो मिळतात.

असंच गेल्या महिन्यात एका बालवाडीने बोलावलं. तुरुंगाच्या मागचा रस्ता. तिथे पूर्वी पत्र्याचं गोदाम होतं, आठवतंय? आता तिथे पिवळ्या भिंती आहेत, घसरगुंडी आहे, वाळूचा हौद आहे आणि या सगळ्याच्या डोक्यावर आपली ती पाण्याची टाकी. चाळीस पोरं तीन रांगांत बसवली, एकाचं नाक पुसलं, एकीची रिबन सरळ केली आणि उजेड कुठून येतोय ते बघायला मान वर केली. टाकीच्या पोटाखाली, खांब वरच्या कड्याला मिळतो ना, तिथून एक तपकिरी, गंजासारखा ओघळ खाली आला होता. चांगला हातभर. मी लेन्स वर केली, झूम पुढे ओढला आणि दोनदा बघून खात्री करून घेतली. ओघळ ज्या रेषेतून येत होता ती रेष माझ्या ओळखीची होती. पोरांचा फोटो कसाबसा उरकला. तिघांचे डोळे मिटलेले आलेत, पण बाई बिचाऱ्यांनी तोच ठेवून घेतला.

आता बारा वर्षं मागे चल. त्या टाकीच्या शेजारच्या इमारतीने आपल्याला गच्ची दिली नव्हती. मग लांबच्या दवाखान्याच्या गच्चीवरून काढायचं ठरलं. आपली चारशेची झूम लेन्स तेवढ्याला पुरेना, म्हणून तू कुठून तरी तो दुप्पटवाला कन्व्हर्टर आणलास. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी एवढीशी डबी, पण चारशेचे आठशे करायची. तू त्याला 'उजेडखाऊ' म्हणायचास आणि ते काही खोटं नव्हतं. तो लावला की डोळ्याला लावलेल्या खिडकीत भर दुपारी संध्याकाळ व्हायची, आपोआप फोकस होणारी मोटर घुंई घुंई करत मागेपुढे धावायची आणि शेवटी हात टेकायची. मग बोटाने कडं फिरवत, श्वास रोखून मी फोकस करायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. ज्या गोष्टीला माझ्यावाचून पर्याय नाही अशा गोष्टी मला पहिल्यापासून आवडतात.

त्या उजेडखाऊचं पुढचं भिंग नाकासारखं बाहेर आलेलं होतं आणि ते थेट आपल्या लेन्सच्या पोटात शिरायचं. म्हणून झूम पुढे ओढलेला असतानाच तो बसवायचा आणि तो असेपर्यंत झूम मागे न्यायचा नाही, नाहीतर आतल्या आत काच काचेला भिडते. हे तू मला तीसदा सांगितलंस. एवढ्यावर न थांबता लेन्सवर लाल पट्टी चिकटवलीस, 'हिच्या मागे गेलीस तर याद राख' म्हणालास. मी चिडले होते. मला काय तू शिकवतोस, मी तुझ्या आधीपासून लेन्स धरतेय, असं बरंच काही बोलले होते. हे सगळं तुझ्या लक्षात असणारच.

जे तुला ठाऊक नाही ते आता सांगते. दवाखान्याच्या गच्चीवरून एक बाजू झाली आणि दुसऱ्या बाजूसाठी छापखान्याच्या गच्चीवर जायचं होतं. तू पुढे गेलास, किल्लीवाल्याशी बोलायला. खाली दवाखान्याचा रखवालदार कुलूप लावायच्या घाईत होता, नुसता ओरडत होता. पिशवीत लेन्स मावायची ती झूम मागे घेतलेला असला तरच. मी कन्व्हर्टर न काढता सवयीने झूम मागे सारला. टक्. एवढाच आवाज झाला, बारकावे. बांगडी दाराला लागावी एवढा. जिन्यातच डबी काढून बघितलं तर लेन्सच्या मागच्या काचेवर नखाएवढा ओरखडा. मी डबी परत लावली, खांद्यावर पिशवी टाकली आणि छापखान्याच्या गच्चीवर येऊन उरलेले सगळे फोटो त्याच लेन्सने काढले. तू विचारलंस, एवढी घामाघूम का झालीस. मी म्हणाले, जिने.

आठ दिवसांनी तू छापखान्यावरून काढलेला एक्केचाळीस नंबरचा फोटो माझ्यासमोर ठेवलास. कड्याखाली एक पुसट काळी रेष होती, केसाएवढी. तू विचारलंस, हे काय आहे. मला वाटलं, ओरखडाच आलाय फोटोत आणि तू आता लेन्स उघडून बघणार. म्हणून मी नाक वर करून सांगितलं की ते काही नाही, उजेडखाऊमुळे तसं दिसतं, भिंगाचा दोष आहे. तू एकदा माझ्याकडे बघितलंस, एकदा फोटोकडे आणि तेच अहवालात लिहिलंस. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या डागावरून कंत्राटदाराला चार फेऱ्या मारायला लावणारा माणूस तू, पण माझ्या शब्दावर पुढे काही विचारलं नाहीस. त्यानंतर मी तो कन्व्हर्टर कधीच लावू दिला नाही, आठवतं? तो नजर खातो, असं काहीतरी कारण दिलं होतं.

आणि मग तुझा निरोपसमारंभ. सगळ्यांसमोर उभं राहून तू म्हणालास की, मी आयुष्यात फक्त एकाच माणसाच्या कामावर डोळे मिटून सही केली आणि माझ्याकडे बोट दाखवलंस. टाळ्या पडल्या. मी जेवायला थांबले नाही. तुला वाटलं असेल, भाषणात आपण काही कमीजास्त बोललो, म्हणून ही रुसली. तुझ्या लेकीकडून कळलं की तू दोनदा पत्र लिहायला घेऊन फाडलंस. अरे वेड्या, रुसले कुठे होते? मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. चार वर्षं वाटतेय.

बालवाडीतून आल्या आल्या मी जुन्या फायली उघडल्या. एक्केचाळीस आणि बेचाळीस शेजारी ठेवले. बेचाळिसाव्या वेळी मी कॅमेरा थोडा उजवीकडे वळवला होता. भिंगाचा दोष असता तर रेष दोन्ही फोटोंत एकाच जागी दिसली असती. ती टाकीबरोबर सरकली होती. म्हणजे टाकीवरच होती, खराखुरा तडा. शिवाय मागच्या काचेवरच्या ओरखड्याने फोटो थोडा धुरकट होतो, रेष उमटत नाही, हे नवशिक्यालाही कळतं. घाबरगुंडी ओसरल्यावर तेव्हाच मलाही ते कळलं होतं. फक्त बेचाळीस नंबर उघडून बघायची हिंमत नव्हती.

मग मी गेले नऊ दिवस रोज पहाटे आणि संध्याकाळी छापखान्याच्या गच्चीवर चढतेय. जुनी लेन्स दुरुस्त करून घेतली, मागची काच बदलली. या वेळी दुप्पटवाला आणला नाही, छोटा आणलाय, एक पूर्णांक चार पटीचा. पोहोच कमी, पण फोटो खणखणीत येतो. सकाळचा फोटो उन्हाने हवा थरथरायच्या आत काढते, तिवईला दगडांची पिशवी टांगते, बटणाला हातसुद्धा लावत नाही, लांबून वायरीने दाबते. तू बघितलं असतंस तर दोनच चुका काढल्या असत्यास. रेष बारा वर्षांपूर्वी शिडीच्या तिसऱ्या बोल्टपर्यंत होती, आता सातव्यापर्यंत आली आहे. सकाळी टाकी भरली की ती उघडते आणि संध्याकाळी पाणी उतरलं की मिटते. रोजचे दोन असे अठरा फोटो आहेत माझ्याकडे. खाली बालवाडीला सध्या सुट्टी आहे. ती संपायला अकरा दिवस उरलेत. बालवाडीच्या बाई म्हणतात, पालिकेचा कागद आल्याशिवाय मी शाळा बंद कशी ठेवू, आणि त्यांचंही बरोबर आहे.

ते अठरा फोटो घेऊन मी पाणीखात्यात गेले. तिथे आता एक तरुण साहेब आहेत, सभ्य आहेत, खुर्चीवरून उठून बोलले. त्यांनी सगळे फोटो बघितले आणि मग कपाटातून आपला जुना अहवाल काढून नववं पान माझ्यापुढे धरलं. 'फोटो एक्केचाळीसमधील रेष हा भिंगाचा दोष आहे, बांधकामाचा नाही.' खाली तुझी सही. ते म्हणाले, बाई, हीच रेष, याच लेन्सचा फोटो, पुन्हा कन्व्हर्टर लावलेला आणि तुमच्याच अहवालात असं लिहिलेलं, ओघळ काय शिडीच्या गंजाचाही असेल, मग मी अर्ध्या गावाचं पाणी कशाच्या जोरावर तोडू? शिडी गंजलेली म्हणून माणूस चढवता येत नाही आणि तुरुंग शेजारी म्हणून उडता कॅमेरा चालत नाही. मी तिथेच सांगितलं की मी तेव्हा खोटं बोलले होते. ते अवघडून हसले. त्यांना वाटलं, म्हातारी हट्टाला पेटली आहे. पेटलीच आहे. पण ते म्हणाले, सही तुमची नाही ना. आमच्या प्रशिक्षणात त्यांचे अहवाल वाचायला देतात, त्यांचा शब्द खोडायचा तर त्यांनीच खोडायला हवा.

आता ऐक. पाकिटात एक फॉर्म आहे, सही मागे घेण्याचा. तूच त्या नियमांच्या समितीवर होतास, तेव्हा तुला पाठच असेल: सही करणाऱ्याने चुकीच्या माहितीवर सही केल्याचं लेखी दिलं तर टाकी त्याच दिवशी रिकामी करावी लागते. नुसती 'तांत्रिक चूक' लिहिली तर चौकशी समिती बसते, दोन महिने. तू तांत्रिक चूकच लिहायला घेशील. मला वाचवायला. ओळखते मी तुला, म्हणून तर एवढी पानं लिहिली. कारणाच्या रकान्यात तुझ्या त्या कोरीव अक्षरात लिही, 'फोटो काढणाऱ्या बाईने मला खोटं सांगितलं.' माझं नाव लिही, पूर्ण. आपलं पंचवीस वर्षांचं काम लोक पुन्हा उकरतील, उकरू देत, मी प्रत्येक फोटोला उत्तर द्यायला बसेन. नंतर माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, ते मी सोसेन. पण पाकीट आणणाऱ्या माणसाला मी उद्या सकाळी परत यायला सांगितलंय. त्याच्या हातात तो कागद दे, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून सही कर.

तुझीच,
गच्चीवाली