प्रभूच्या डब्यातले तांदूळ

भांडुप

प्रिय शमुवेलदादा, जय ख्रिस्त.

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू हसशील आणि मी भांडेन.

"इतकी वर्षं चर्चला जाऊन तुझ्यात काय बदललं गं?" असं नाताळात सगळ्यांसमोर विचारलंस. मलाही ठाऊक नव्हतं. तरी रोज भात लावताना मूठभर तांदूळ प्रभूच्या डब्यात टाकत राहिले. महिनाअखेरीस तो डबा कुणाला द्यायचा, ते पाळकसाहेब ठरवतात. काल त्यांनी राधाचं घर सांगितलं. नळावर माझी कळशी फेकणारी राधा! नवरा आजारी आहे तिचा. निघताना मी आणखी दोन मुठी घातल्या. रागही आला, पण तिच्या दारात पोचल्यावर. दादा, पूर्वी हा राग माझ्याआधी पोचायचा.

ताठ मानेची तुझी बहीण,
मार्था