उदयसिंग साहेबांना वाचनाचा मान मिळण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, किन्हीराजा,
ता. मालेगाव, जि. वाशिम

विषय : कालकथित प्रसेनजित पडघान स्मृती वाचनकक्षाच्या उद्घाटनात प्रमुख पाहुण्यांच्या मनोगताऐवजी त्यांच्याकडून कथावाचन ठेवण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयामार्फत घरी पोचलेली कार्यक्रमपत्रिका.

महोदय,
जय भीम.

१. मी खाली सही करणारी कालकथित प्रसेनजित यांची (यापुढे 'दादा') धाकटी बहीण असून सध्या बाळंतपणानंतर माहेरी आहे. मुलगी झोपली की लिहिते, उठली की थांबते. त्यामुळे अर्जात कुठे शाई बदललेली दिसली तर तो खाडाखोडीचा प्रकार समजू नये.

२. दादा पुण्यात एका मोठ्या कंपनीत होता आणि नोकरी सांभाळून कथा लिहायचा. साहेबाच्या विनोदावर सगळा मजला एका सुरात हसतो, शुक्रवारी सगळे एकाच निळ्या शर्टात येतात, घरच्यांशी वऱ्हाडीत बोलायचे तर माणूस फोन घेऊन जिन्यात जातो. ते शहर त्याने असे लिहिले की इथे ओट्यावर बसलेल्यांनाही त्या लिफ्टमध्ये कोंडल्यासारखे व्हायचे. आज कॉलेजातली मुले त्याची पुस्तके मागत येतात. त्यांच्यासाठी वाचनकक्ष झाला याचा आनंद आहे, आणि आपण जागेसाठी केलेली धावपळ आम्ही पाहिली आहे.

३. तथापि वाचनकक्षाचा खर्च त्याच कंपनीने केला असून उद्घाटनाला तिच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख श्री. उदयसिंग साहेब येत आहेत. पत्रिकेत त्यांचे 'आमच्या कुटुंबातील प्रसेनजित' या विषयावर मनोगत छापले आहे. कंपनीने पाठवलेल्या फोटोत दादाच्या अंगावर संगणकाने निळा शर्ट चढवला आहे. आईने (श्रीमती भागिरथा पडघान) तो फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "तोंड आपल्या पोराचं हाय. हा गळा कोनाचा हाय?"

४. फोटोचे मी सोडूनही दिले असते. परंतु कंपनीने वाचनकक्षासाठी दादाच्या निवडक कथांचे जे पुस्तक छापून पाठवले, त्यात ऑफिसवरची एकही कथा नाही. पाऊस आहे, पूल आहे, रस्त्यावरचे दिवे आहेत. 'रजेचे कारण' ही कथा तर कधी लिहिलीच नव्हती अशी गाळली आहे. माझी मुलगी उद्या याच खोलीत मामाला वाचणार. तिला दिव्यांवर लिहिणारा मामा मिळेल, तो माझा दादा नव्हे.

५. ती कथा का गाळली हे आपल्या माहितीसाठी नमूद करते. आमचे बाबा वारले तेव्हा दादाने रजेसाठी उदयसिंग साहेबांना फोन केला. साहेबांनी विचारले, "वडील जवळचे होते का?" दादाने हे वाक्य जसेच्या तसे कथेत घातले. कथा छापून आल्यावर साहेबांनी त्याला सगळ्या मजल्यासमोर उभे करून माफीपत्र वाचायला लावले. ते पत्र दादाने लिहिलेले नव्हते. वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या. महिनाभरात तो नोकरी सोडून घरी आला आणि पुढच्या उन्हाळ्यात कावीळ निमित्त झाली.

६. सबब माझी विनंती अशी की, मनोगत रद्द करून साहेबांना 'रजेचे कारण' वाचण्याचा मान द्यावा. उद्घाटन वर्षावासात येत आहे. या तीन महिन्यांत आमच्या विहारात रोज सायंकाळी ग्रंथवाचन चालते आणि त्याचा नियम गावाला ठाऊक आहे : वाचायला बसलेला माणूस प्रकरण संपल्याशिवाय उठत नाही, आणि एकही ओळ सोडत नाही. दादा लहानपणी तिथेच वाचायला शिकला. एकदा त्याने पान उलटताना दोन ओळी खाल्ल्या तर समोर ऐकायला बसलेल्या जमनाबाई म्हणाल्या, "गियलं काय रे पान? मांगं जाय." त्यानंतर त्याने काही सोडले नाही, म्हणूनच तो साहेबांनाही सोडू शकला नाही.

७. वाचनकक्ष विहाराला लागून असल्याने तिथेही हाच नियम लागू करावा, असे विहार समितीचे अध्यक्ष श्री. पंजाबराव यांचे मत आहे. मी त्यांना, पाहुण्यांचा अपमान तर होणार नाही ना, असे विचारले. ते म्हणाले, "अपमान कायचा व माय? आमी भंतेजीलेबी याच आसनावर बसवतो. सायबाले तर मान देऊन राह्यलो."

८. साहेबांना कोणीही टोकणार नाही, ओरडणार नाही, घोषणा देणार नाही, याची हमी मी लेखी देते. पाणी मिळेल, पंखा मिळेल, हारही मिळेल. घसा बसला तर आम्ही थांबू. उठू मात्र दिले जाणार नाही. हा सूड आहे का, असे आपण विचाराल तर होय, आहे. तो लपवून अर्ज करणे मला योग्य वाटले नाही.

९. शेवटचे. आईला वाचता येत नाही. ती कथा तिला मीच वाचून दाखवली, पण ते एक वाक्य माझ्याच्याने मोठ्याने म्हणवले नाही. मी तिथे खोकले. आई तेव्हापासून विचारते, "तो काय म्हनला होता व?" ज्याने म्हटले त्याच्याच तोंडून तिने ते ऐकावे. करिता आईची खुर्ची साहेबांच्या अगदी समोर, मध्ये माईकचा दांडा येणार नाही अशी मांडण्यात यावी.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
(सही)
सौ. धम्मदीपा तायडे (पडघान)
किन्हीराजा, दि. ४ ऑगस्ट

सोबत :
१) दादाचा मूळ फोटो, माझ्या लग्नातला, पिवळ्या शर्टातला.
२) 'रजेचे कारण' कथेची प्रत, मोठ्या टायपात. साहेबांना चष्मा विसरल्याची अडचण येऊ नये.