तिखटाचं जेवण

स्टुटगार्ट, ४ जानेवारी २०१५

ती. कुंदाअक्का यांस,
प्रतापचा सा. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी सकाळी मी इराचं जाकीट धुवायला काढलं. खिशात ड्योनरचा, म्हणजे इथल्या मांसाच्या रोलचा, तेलकट कागद सापडला. वास घेतला, घडी घालून परत खिशात ठेवला आणि जाकीट न धुताच खुंटीला लावलं. मग कामावर गेलो.

तुमची बहीण जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून घरात मटण शिजलेलं नाही. ऊर्मिलाचं तेरावं झालं आणि मी पोरीला घेऊन विमानात बसलो. दुखवटा सोडवायचं तिखटाचं जेवण राहूनच गेलं. ते घालायचं माहेरच्यांनी, आणि इथे तिचं माहेर कुठून आणू? इराला मी कधी नको म्हटलं नाही. पण सोळा वर्षांची पोर घरी वरणभात खाऊन उठते आणि बाहेर चोरून खाते. मला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही, याचंच नवल वाटतं. रोज देवापुढे दिवा लावतो, हात जोडतो. मागायला काही सुचत नाही.

फोनवर आपण दोघंही गप्प होतो, म्हणून लिहिलं. काय करू ते सांगा. गुडघा जपा, आणि माया आहे तशी राहू द्या.

आपला,
प्रताप

कराड, २० जानेवारी २०१५

चि. प्रतापराव यांस,
कुंदाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं, पाचव्यांदा आमच्या ह्यांनी वाचून दाखवलं. कागद परत ठेवलात ते बरं केलंत. विचारलं असतंत तर पोर खोटं बोलली असती.

आता ऐका. महिनाभराचा दुखवटा तुम्ही चौदा महिने धरलात. ऊर्मिला म्हणायचीच, ह्यांना सुट्टी कशी घ्यायची तेच कळत नाही. माझा गुडघा काही विमानात बसायचा नाही. सोबत मसाला पाठवलाय, माझ्या हातचा. मसाला माहेरचा म्हणजे जेवण माहेरचं. कोणी शास्त्र काढलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण चोळा आणि झाकणावर पाणी ठेवून शिजवा. सुकं खोबरं आणि कांदा काळपट भाजा, करपवू नका. तीळ-खसखस त्यातच वाटा. वाटण तेल सुटेपर्यंत परता, मसाला घाला, मग गरमच पाणी ओता. गार ओतलंत तर कट यायचा नाही. पहिलं पान तिचं. मग पोरीला वाढा आणि तिच्यासमोर तुम्ही खा. तुम्ही खाल्ल्याशिवाय दुखवटा सुटत नाही, ना तुमचा ना तिचा.

लोभ आहे तेवढा सगळा पाठवलाय, पुरवून वापरा.

तुमची,
अक्का

स्टुटगार्ट, ८ फेब्रुवारी २०१५

ती. कुंदाअक्का यांस,
सा. न. वि. वि.

मसाला गुरुवारी पोचला. कस्टमवाल्यांनी पिशवी फोडून चिकटपट्टी लावली होती. शिंकले असतील बिचारे.

आज केलं. काल तुर्की खाटकाकडे बोकडाचं नव्हतं, कोकराचं घेतलं होतं. खोबरं भाजताना खालच्या बाई वर येऊन विचारून गेल्या की काही जळतंय का. जेवण आहे, असं सांगितलं. कट चांगला आला.

पहिलं पान तिचं, म्हणून मी चाखलं नाही. नैवेद्याचं आधी कसं चाखणार? फोटोपुढे पान ठेवलं, मग इराला वाढलं. एक घास खाऊन ती थांबली. मला वाटलं, रडतेय. तर तिने जर्मनमध्ये सांगितलं की यात मीठच नाही. तुम्ही लिहिलं होतं, मीच विसरलो. मग, आईलाही अळणीच वाढलंत का, असं तिने मराठीत विचारलं. उठली, आधी तिच्या आईच्या पानात चिमूटभर मीठ घातलं, मग माझ्या. बसल्यावर, शुक्रवारी बाहेर ड्योनर खाते, तेही तिने सांगून टाकलं. मला माहीत होतं, म्हणालो. तिने माझं ताट माझ्यापुढे सरकवलं.

चव अजून नीट लागत नाही, अक्का. तिखट तेवढं लागलं. डोक्यावर हात असू द्या.

मी जेवलो.

प्रताप